खो दिल्यानंतर

शिरपूरचं मैदान, सेमीफायनल, शेवटचा डाव, दोन गुण हवे होते.
मी तुझ्या पाठीवर हात टेकवला, ओरडले, खो.
तू उठलीस. एक पाऊल.
मग तो आवाज,
तुमच्या सोनगीरच्या आळीत
हातोडी चुकून मातीवर पडावी तसा,
एकच, बोथट.

तू वळून माझ्याकडे पाहिलंस.
"लाथ काबर मारी वं?"
मी तर तीन हात मागे होते,
तुझ्याच चौकोनात बसलेली.

सैंदाणे सर बर्फ घेऊन धावले. नस चढली म्हणाले.
जीपमध्ये तुझी टाच माझ्या मांडीवर.
सावळद्याचा पूल, खाली तापी, तू मोजत होतीस
फायनलला किती दिवस उरले.
टाचेच्या वर, जिथे दोरी ताणलेली असते,
तिथे माझं बोट आत गेलं.
काढून घेतलं. तुला बोलले नाही.
सोनगीर फाट्यावर तुझे वडील चढले,
हातांना चिंचेचा वास,
उजळायला घेतलेली भांडी तशीच टाकून आलेले.

धुळ्यात डॉक्टर बेडसेंनी तुला पालथं झोपवलं.
उजवी पोटरी दाबली. पाऊल हललं.
डावी दाबली.
आम्ही सगळ्यांनी पाहिलं ते,
काहीच न होणं.

एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी पेनाने काढून दाखवलं :
ही कंडरा, इथून तुटली,
टोकं झिजलेल्या कुंच्यासारखी विस्कटलीत,
ओढून जवळ आणायची, टाक्यांनी गुंफायची,
पाऊल खाली झुकवून प्लास्टर.
तुझे वडील पाकीट उलटसुलट करत राहिले.
"झाळ धरी का, डॉक्टर?"
"धरेल. तुमची झाळ थंड व्हायला किती वेळ लागतो?"
"पानीमा बुडाडी का व्हयी गयं."
"हिला बुडवता येत नाही, काका. नऊ महिने धरा."

आत दीड तास.
बाकड्यावर आम्ही दोघं, मधे कळण्याच्या भाकरीचं फडकं,
कुणी सोडलं नाही.
मी माझा उजवा तळवा बघत होते.
नियमात नुसता स्पर्श आहे.
मी थोडं ढकलते, नेहमीच,
उठणारीला वेग मिळतो असं वाटून.
हे डॉक्टरांना विचारायचं होतं.
ते बाहेर आले, टोपी काढली, केस घामाने चिकटलेले,
आणि मी विचारलं, टाके किती?

पुढचे महिने तुझे. माझ्या वाट्याला फक्त रविवार.
टाचेखालच्या पाचरी, एकेक करून कमी होणाऱ्या.
पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करणं.
पोटरी इतकी बारीक, की तू तिला
भाचीची पोटरी म्हणायचीस.
फायनल आम्ही हरलो.
तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

एकदा चिडून उभी राहिलीस, कुबडी फेकून.
वडील, हातोडी खाली न ठेवता :
"खो भेटना का तुले?"
तू बसलीस.
खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल,
हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे;
एकाही सामन्याला ते आलेले नव्हते.

आता दहावा महिना.
ओट्याच्या कडेवर तू, एका पायावर.
आत हंड्यावर ठोका पडतो, तुझी टाच वर.
ठोका, वर.
सोळा. सतरा. अठराव्याला ती थरथरते,
व्रणाची गुलाबी रेघ आखडते, सुटते.
मी मागे उभी, तोल गेला तर म्हणून,
हात तुझ्या पाठीपासून चार बोटं.
"दे ना," तू म्हणतेस.
मी देत नाही.

वडील हंडा फिरवायला थांबतात,
आणि तेवढ्यात तू टाच टेकवून घेतेस, चोरून,
मी पाहिलं नाही असं समजून.