आपटून बघ

शनिवार, दुपारचे तीन, आणि लर्विकला अंधारून आलेलं.
रॅझमीनं बूट उंबऱ्यावर दोनदा ठोकले,
खिशातून काढून काउंटरवर ठेवली
तिसरी मयत.

पहिलीची काच फुटली होती,
लिक्विड सगळं सॅमनच्या खाद्यात.
दुसरी चार्जिंगच्या भोकातून समुद्र प्यायली
आणि आतून हिरवी पडली.
हिचं काय?
"काही नाही. बसलो तिच्यावर."

हसू आलं, ते गिळलं.
पस्तीस वर्षं स्वतः वळून तंबाखू ओढलेला माणूस
अकरा महिने टिकलाय.
मला ठाऊक आहे अकरा महिने म्हणजे काय.
माझे एकदा सात झाले होते.

मग मी मांडामांड केली.
ही देखणी, पण बॅटरीचं झाकण खुळखुळतं,
पिंजऱ्यावरच्या वाऱ्यात आठवडाभर टिकेल.
ही म्हणते पाण्याला भीत नाही;
खोक्यावर कोण भितं?
ही दोन बॅटऱ्यांची, दोनशे वॅट, कडांना रबर,
भोकाला बूच, बटण अंगठ्याएवढं.
जड आहे. नाकापेक्षा मोती जड म्हणशील.
"माझं नाक पाहिलंयस ना," तो म्हणाला.

त्यानं खिशातून नारिंगी हातमोजा काढला, ओलाच,
घातला, आणि एकेक बटण दाबत गेला.
पडद्यावरचे आकडे बघितलेही नाहीत.
त्याची पसंती डोळ्यांत नव्हती, अंगठ्यात होती.
"छोटी का नाही घेत?" मी विचारलं, धंद्याच्या विरुद्ध जाऊन.
"छोटीनं घसा भरत नाही.
घसा भरला नाही की हात पुन्हा
जुन्या खिशाकडे जातो."

मग म्हणाला, "आपटू का?"
विकायची वस्तू कशी आपटू देणार?
माझी स्वतःची दिली, तीच जात, दोन वर्षं वापरलेली,
रंग उडालेली. "ही आपट."
त्यानं छातीपर्यंत उचलली आणि सोडली,
फेकली नाही. डेकवर वस्तू जशी सुटते तशी.

फरशीवर धाड्कन एक आवाज,
मग घरंगळण्याचा,
मग काहीच नाही. गेली कपाटाखाली.

दोघं गुडघ्यांवर. मोबाइलचा उजेड.
धूळ, एक पेनी, सिलिकॉनची रिंग,
माझी मॉड, कोपरा चेपलेली, दिवा चालू,
आणि तिच्या शेजारी
एक लायटर. निळा, प्लॅस्टिकचा.
आधी इथं मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं,
तेव्हापासून पडलेला असेल.

रॅझमीनं चाक फिरवलं.
पेटला.
पहिल्याच फटक्यात, मेल्या.

ना वॅट, ना बूच, ना रबराची कड,
इतकी वर्षं धुळीत, आणि पेटला.
दोघंही गुडघ्यांवरच होतो अजून,
देवळात असावं तसे,
आणि ज्योत त्याच्या हातमोज्याजवळ हलत होती.
मला वास आला. तंबाखूचा नव्हता,
पण नाकानं तो जोडून घेतला.
त्यालाही आला असावा; त्याचा डावा हात
छातीवरच्या खिशाशी जाऊन रिकामा परत आला.

"ऑस्ला," तो म्हणाला, "हा तू ठेव."
मग म्हणाला, "नको. तूही नको ठेवूस."
आणि तरी काउंटरवरच ठेवून गेला.

जड मॉड घेतली त्यानं. रोख दिले, खारट नोटा.
मी भरून दिली, तर पासष्टवर लावून मागितली.
"दोनशेची आहे," मी म्हटलं.
"बोटीचं इंजिनही तीनशेचं आहे.
घाटावर लावताना कोण तीनशे मारतं?"

सोमवारी पुन्हा आला. मॉड धडधाकट,
काच फुटलेली.
दोन जादा काचा बांधून दिल्या, एकीचे पैसे घेतले.
लायटरचं त्यानं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही
की तो ड्रॉवरमध्ये आहे, नाण्यांच्या खाली,
आणि रविवारी, दुकान बंद असताना,
चालतो का ते मी
दोनदा पाहिलं.