रकाना दुसरा

विदेशी विद्यार्थी कक्ष म्हणजे
जिन्याखालची खोली, एक अडणारा प्रिंटर
आणि मी. करार अकरा महिन्यांचा.
समोर बसलेल्या मुलीचा व्हिसा
माझ्या नोकरीपेक्षा लांब आहे.

खिन लेई न्वे. पाली, एम.ए. पहिलं वर्ष.
नोंदणीला चौदा दिवस, त्यातले नऊ गेलेले.
पोर्टल पहिल्या रकान्यात तिचं नाव मुकाट घेतं
आणि दुसऱ्यापाशी लाल होतं :
आडनाव भरा.

‘नाही,’ ती म्हणते.
विसरलं नाही, लपवलं नाही, बोटीत-विमानात हरवलं नाही.
नाहीच.
आईचं नाव तिन च्यी. बापाचं बा हान.
भावाचं आणखी तिसरंच काही.
एका घरातल्या चार माणसांत
एक अक्षर सारखं नाही,
तरी भात एकाच पातेल्यातला.

सोमवारी जन्मली म्हणून ‘ख’, एवढं मला कळलं.
‘आणि न्वे म्हणजे?’
‘वेल.’
‘वंशवेल?’
ती मोबाइलमध्ये शब्द शोधते, मान हलवते.
‘भिंतीवरची.’

तेवढ्यात त्रिमूर्तीनगरच्या काकूंचा फोन.
खोली ठरलेली, अनामत घेतलेली,
आता फॉर्म सी भरायचा, चोवीस तासांत, घरमालकानं.
‘भरून देते मी, त्याचं काही नाही.
पण पोरीचं आडनाव काय हो?’
‘त्यांच्यात नसतं, काकू.’
‘असं कसं नसते? मंग समजन कसं?’
‘काय समजायचं?’
पंख्याचा आवाज. त्यांच्याकडचा की माझ्याकडचा.
‘नाही, असंच. स्वयंपाकघर एक आहे ना आमचं.
अन् तुमचं काय म्हणाल्या आडनाव?’

मी म्हणाले, आवाज कटतोय.
ठेवला फोन.

भंडाऱ्याहून आले त्या उन्हाळ्यात
हा प्रश्न मला नऊ दारांत विचारला होता.
धंतोलीत. बजाजनगरात दोनदा.
एकीनं तर पाण्याचा गिलास हातात देता देता,
अर्ध्यात.
मी सांगायची, आणि त्या त्या खोल्या
अचानक कुणाच्या तरी पुतण्याला लागायच्या.
नागपुरात इतके पुतणे आहेत,
कॉलेजात मात्र दिसत नाहीत.

खिनला यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, बॅग घे.
इंदोऱ्यात माझ्या वरची खोली रिकामी आहे.
ललिताबाई गजघाटे फॉर्म भरायला चष्मा शोधत बसल्या.
मग एकच प्रश्न : ‘डबा लावणार का स्वतः रांधणार?’
आणि सही केली, पूर्ण आडनावासकट,
काना, मात्रा, वेलांटी, घाई नाही.

आयुक्तालयातल्या खिडकीवरच्या मॅडमनी
दुसरा रकाना पाहिला, जांभई दिली.
‘टिंब टाका. टिंब चालतं.’
टाकलं.
पोर्टल हिरवं झालं.
सगळं कुळ, गोत्र, गाव, पेठ, शिवार
एका टिंबात मावलं
आणि वर जागा उरली.

संध्याकाळी माझ्या कराराचा नवा अर्ज पुढ्यात होता.
रद्दीच्या कागदावर मीही एक टिंब काढून पाहिलं.
बरं दिसलं, खोटं कशाला बोलू.
मग अर्जावर आडनाव लिहिलं,
पहिल्यांदाच दोनदा गिरवून,
खालच्या कार्बनवर उमटेल इतकं.

तिचा परमिट आला. वर्षभराचा.
बँकेनं खातं उघडताना परत विचारलं,
सिमकार्डवाल्यानं तिला ‘खिन खिन’ करून टाकलं,
ते निस्तरायला अजून दोन खेपा आहेत.
गजघाटेबाई तिला वेलू म्हणतात.

काल तिनं घरून आणलेली बरणी उघडली.
अख्ख्या जिन्यात वास.
ती ओशाळून झाकण शोधत होती
आणि गजघाटेबाई खालून, पदराला हात पुसत :
‘अवो, हे तर सुकटच हाय!
थांब, भाकर टाकते.’