सात पॉइंट दोन

तुर्भ्याच्या खाणीखाली
रेणका भिंत चाटते.
"दगड फोडणाऱ्यांची पोर,
तिला दगडच गोड लागायचा," मल्लव्वा म्हणते.

मी पापणी खाली ओढते.
आतला लाल, धुऊन धुऊन विटलेला.
सुई टोचते; थेंबसुद्धा
जरा विचार करून येतो.

"सात पॉइंट दोन."
"कितीपैकी, ताई?"
"बारा तरी हवेत गं."
बोटावरचा कापूस दाबत ती हिशेब करते:
"म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास!"

निळी गोळी सोमवारची, सांगते,
जेवून घ्यायची.
'जेवून' म्हटल्यावर
मायलेकी एकमेकींकडे बघतात.

मग मल्लव्वा
धाकट्यासाठी झाकून ठेवलेलं अंडं
दोऱ्यानं कापते.
मोठा तुकडा कुणाच्या ताटलीत,
ते बघायला मी उगाच
पाणी मागते.

रजिस्टरात त्याचा रकाना नाही.