गन क्रमांक तेवीस

कॉटन ग्रीनच्या जुन्या गोदामामागे
अठ्ठावीस खांब उभे केलेत आम्ही, हिरव्या टोप्यांचे,
अंगावरचं प्लास्टिक अजून न काढलेले.
स्पर्धेला अकरा दिवस.
इथं खेळाडूंच्या बसेस येतील, पंचांच्या गाड्या,
आणि ते कोण कोण, ज्यांच्यासाठी अहवालात
नुसतं 'मान्यवर' लिहिलंय.

रात्री दीडला, शहर जरा कमी ओढतं तेव्हा,
आम्ही चाचणीला उतरलो:
मी, इब्राहिम मुकादम,
आणि नवी आलेली हर्षदा नाखवा,
जी मीटरला आधी नमस्कार करते
आणि मग शिवी देते.

डमी लोडचे डबे जोडून अठ्ठावीसही गन एकदम सोडल्या.
ट्रान्सफॉर्मर आधी गुणगुणला,
मग दम्याच्या माणसासारखा आत ओढत राहिला.
भिंतीपलीकडच्या चाळीत पंखे मंदावले.
वर बघू नकोस, मीटर बघ, मुकादम म्हणाले.
मी वर बघितलं.
तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक गृहस्थ बनियनवर आले,
पेपरच्या घडीनं वारा घेत.
ओरडले नाहीत.
आपला पंखा खाली कुणीतरी पीत बसलंय
हे कळल्यासारखे नुसते बघत राहिले.

अहवालात रकाना आहे: व्होल्टेजची घट, टक्के.
पंख्याला रकाना नाही.
सहा गन मिटवल्या तेव्हा त्यांची पाती पुन्हा दिसेनाशी झाली.
हर्षदानं लिहिलं: एका वेळी बावीस.
आणि खाली, पेन्सिलीनं, उन्हाळा धरलेला नाही.

पावणेतीनला फाटकाशी एक तीनचाकी टेम्पो,
दिवे बंद, ढकलत आणलेला.
शेल्वराज. धारावीहून निघालेला.
मागे इडलीच्या पिठाचे एकोणीस डबे,
पाचच्या आत भायखळ्याला पोचायचे.
बॅटरी तीन टक्के. साहेब, वीस मिनिटं फक्त.

उद्घाटन व्हायचंय, मी म्हणालो.
फीत कापायचीय. कात्रीसुद्धा आलीय,
ऑफिसच्या कपाटात, लाल मखमलीत.
तो म्हणाला, पीठ कात्रीसाठी थांबत नाही साहेब.

हर्षदानं पान उलटलं.
'प्रत्यक्ष वाहन जोडून चाचणी': रकाना कोरा.
वाहनाचा प्रकार विचारलाय, ती म्हणाली.
मान्यवर आहे का, असं कुठं विचारलंय?

अठ्ठाविसांत एकाच गनला तीनचाकीला बसेल असं तोंड आहे.
बाकी सगळी बसची.
तेवीस नंबरचं प्लास्टिक मुकादमांनी दातानं फाडलं.

मग बघत बसण्याखेरीज काम उरलं नाही.
चार. सात. अकरा.
टेम्पोत एका डब्याचं झाकण किंचित उचललं गेलं,
मग त्याच्या शेजारचं.
रात्र उकाड्याची, पीठ घाईला आलेलं,
आंबूस वास थेट ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपर्यंत.
मुकादमांनी एका चहाची पैज पिठावर लावली,
हर्षदानं बॅटरीवर.
शेल्वराज कुणाच्याच बाजूचा नव्हता,
दोन्ही हातांनी झाकणं दाबत
इकडून तिकडे नुसता धावत होता.

किती झाले?
वरून आवाज आला. गॅलरीतले गृहस्थ.
सोळा! हर्षदा ओरडली.
काकांनी पेपरची घडी काखेत मारली
आणि कठड्यावर कोपर टेकले.

एकवीसला एक डबा सांडला.
मुकादम उठले, काही बोलले नाहीत, चहाचं पाणी ठेवलं,
आपणच जिंकलोय हे विसरून.
शेल्वराज थांबलाच नाही,
सायकलच्या ट्यूबनं झाकणं बांधली, पिठाच्या हातानं गन उपसली
आणि रे रोडच्या बाजूला, बिनआवाजी, निघून गेला.

अहवाल सकाळी वर गेला.
वाहन: तीनचाकी. शेरा: समाधानकारक.
तेवीस नंबरला आम्ही नवं प्लास्टिक गुंडाळलं,
कुणी वापरलीच नाही असं दिसावं म्हणून.
आत, मुठीच्या काळ्या रबरावर,
वाळलेला एक पांढरा अंगठा आहे.
हर्षदा पुसायला गेली होती.
मुकादम म्हणाले, असू दे,
पोच आहे ती.