दोनदा आलेला मंगळवार

आम्ही आठ, बिछाने चार.
मी उठते तेव्हा ग्वेनव्हाएल आत शिरतो,
तो उठतो तेव्हा मी.
एकेचाळीस दिवसांत या माणसाचा चेहरा
मी धड पाहिलेला नाही,
पण त्याची ऊब ओळखते:
डाव्या कुशीवर झोपतो, गुडघे पोटाशी,
ओल्या लोकरीचा वास मागे ठेवून जातो.

निघताना सगळं तोलून घेतलं होतं.
दातांच्या ब्रशांचे दांडे अर्धे कापले,
चमचा माणशी एक.
राग्नहिल्डनं, आमच्या कप्तानीणबाईंनी,
ग्वेनव्हाएलच्या पिशवीतून कालवाचा एक शिंपला काढला,
काट्यावर ठेवला, आकडा वाचला
आणि काही न बोलता परत आत टाकला.

इथे, छप्पन्न दक्षिणेला,
नाळ लाटेत घुसली की अख्खी बोट घागरीसारखी घुमते.
छतावरून थेंब पडतात, तो आमचाच श्वास.
जेवण म्हणजे पाकिटात उकळतं पाणी ओतायचं
आणि आठ मिनिटं थांबायचं.
एकावर लिहिलंय मटण, एकावर मासे,
चव दोन्हींना पाकिटाची.

मंगळवारी पहाटे चारला निरोप आला,
बहिणीचा, दोन ओळी:
कान्कालला ओहोटी होती, बाबा कालवांच्या रांगांत गेले होते.
ट्रॅक्टर चालूच होता, ते बाजूला बसलेले.

राग्नहिल्ड वर जाऊन त्याच्या कानाशी वाकली.
सगळ्यात जवळचं बेट चारशे मैलांवर,
तिथे पेंग्विन राहतात.
त्याची पाळी संपली होती, पण सुकाणू त्यानं सोडलं नाही
आणि आमच्यातल्या कुणी मागितलं नाही.
आठला मी खाली गेले. बिछाना गार.

त्या दिवशी आम्ही चारशे ऐंशी मैल कापले,
पुढच्या बोटीला जवळजवळ गाठलं.
आनंद झाला.
तो कुठे ठेवायचा ते कुणालाच कळेना.

मध्यरात्र उलटल्यावर एकशे ऐंशीवी रेखा ओलांडली.
यंत्रं ग्रीनिचच्या घड्याळावर चालतात,
त्यांना रेखेचं सोयरसुतक नाही.
पण राग्नहिल्डची एक कागदी वही आहे,
तिच्यात जुन्या रीतीनं इथलीच तारीख लिहायची.
तिनं बुधवार खोडला
आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं: मंगळवार.

ग्वेनव्हाएल किटली घ्यायला खाली आला होता.
वहीकडे बघत राहिला, मग घड्याळाकडे. पावणेदोन.
"निरोप चारला आला," तो म्हणाला.
"अजून सव्वादोन तास आहेत."

राग्नहिल्ड न सांगता त्याच्या जागी वर गेली.
माझी झोपायची वेळ होती. झोपले नाही.
तो सांगत होता आणि बाबा
असतात, करतात, म्हणतात, असंच सांगत होता:
बाबांना पोहता येत नाही.
कालव जिभेवर ठेवून गेल्या आठवड्याचा वारा सांगतात.
पत्त्यांत हरले की ट्रॅक्टर दुरुस्त करायला जातात,
बिघडलेला नसला तरी.
शर्यतीच्या बोटी त्यांना मुळीच आवडत नाहीत.
ज्या बोटीत मासा येत नाही
ती हाकायची कशाला, म्हणतात.
मी हसले. तोही हसला,
आणि मला दिसलं की त्याचा पुढचा एक दात अर्धा आहे.

चार वाजले.
त्यानं शिंपला काढला.
मला वाटलं, आता वर नेऊन समुद्रात सोडेल.
त्यानं तो उशाच्या जाळीत ठेवला,
जिथे माझे मोजे असतात.

मग बिछान्यात शिरला.
"गार आहे," म्हणाला.
काल त्याच्यामुळे, आज माझ्यामुळे,
आणि तारीख एकच.
हो, म्हटलं, आणि बूट चढवले.
वर वारा फिरला होता, शीड बदलायचं होतं.