उजेड खाली धर

जनाजा उचलण्याआधी अंगणात उभं राहून
थोरल्यानं म्हणायचं असतं, ते मी म्हणालो:
"माझ्या बापाकडं कुणाचं काही येणं असेल,
तर ते आता माझ्याकडं आहे. येऊन घेऊन जा."
मासळीवाला हमदू म्हणाला, चार हजार शिलिंग, पण राहू दे.
एका म्हाताऱ्याला त्याची कुऱ्हाड परत हवी होती.
बाकी कुणी बोललं नाही.
फणसाखाली बायकांच्या घोळक्यात बी मिझे
कांगा कपाळावर ओढून बसली होती.
मी एक श्वास जास्त थांबलो.
मग आम्ही निघालो.

नऊ वर्षांचा होतो.
पेंबाच्या त्या टेकडीवर रात्री लवंगांचा वास
माणसासारखा अंगाला अंग लावून चालतो.
बाप पहारीनं हद्दीचा दगड उकरत होता,
समुद्रातून आणलेला, भोकाभोकांचा, पांढरा.
मिझेचा नवरा पडावासकट बुडून चाळीस दिवसही झाले नव्हते.
बाप एवढंच म्हणाला,
"मकामे, उजेड खाली धर."
मी धरला.
दगड सतरा पावलं सरकला.
चार झाडं आमची झाली.

त्या झाडांनी मला शिकवलं.
मदरशाची फी, पहिली सायकल,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, तेही त्यातूनच.
सव्वीस वर्षं चटईवर लवंगा वाळवताना
मी देठ वेगळे केले, खडे वेगळे केले,
आणि माल नेहमी स्वच्छ दिला.
बाजारात म्हणतात, फाकीच्या पोराचं माप चोख.

बापाला पुरल्यावर रमजान लागला.
पोट गप्प बसलं. जीभ बसेना.
नमाज संपवताना मान उजवीकडं वळवून सलाम करतो,
मग डावीकडं.
डावीकडचा हल्ली उत्तर देत नाही,
लिहिण्यात असतो.

धाकटा खतीब म्हणाला, "मेलेल्याचं उणं झाकावं,
हेही आपल्याला शिकवलंय ना?"
खरंच शिकवलंय. मी रात्रभर त्याच आधारावर झोपायला बघितलं.
पण पांघरूण म्हणून
चार झाडं अंगावर घेऊन
कोण झोपलंय?

सत्ताविसाव्या रोजाला, इफ्तारनंतर
मी तिच्या दाराशी गेलो.
ती कसाव्याची भांडी घासत होती.
मी बोललो. दगड, पहार, सतरा पावलं.
वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं उलटी बाहेर पडली,
आधी माफी, मग गुन्हा.

तिनं राखेचा हात धुतला.
"फाकीला मी केव्हाच सोडलं," ती म्हणाली,
"तो आजारी पडला त्याच साली. कुढत कोण बसणार?
मी कंदीलवाल्याची वाट बघत होते."

मला वाटायचं, अंधार होता.
पण उजेड खाली धरला
की धरणाऱ्याचेच पाय
सगळ्या टेकडीला दिसतात.

"आणि मला?" मी विचारलं.
ती भांडी पालथी घालत होती.
"झाडावर मला आता चढवत नाही," म्हणाली.
बस, एवढंच. होय नाही, नाही नाही.

खतीब ईदला गळाभेट न घेताच गेला.
दगड मी भर दुपारी, शेख आणि दोन साक्षीदारांसमोर
सतरा पावलं मागं नेला.
खरं तर एकवीस झाली.
पोराची पावलं लहान असतात,
किंवा तेव्हा मी नीट मोजलं नव्हतं,
किंवा बापानं पुढंही कधी
माझ्याशिवाय येऊन.
ते वाक्य मी अजून पूर्ण केलेलं नाही.

या हंगामात मी तिच्या झाडांवर चढतो.
कळी फुलण्याआधी खुडावी लागते.
असरला खाली उतरून वजू करतो,
कोपरापर्यंत, तीनदा.
पाणी हातावरून वाहून जातं,
वास जात नाही.