एक जानेवारी दोन हजार

बाबांच्या कॅमेऱ्यातली घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती.
बटण दाबलं की दर वेळी तो
पहिल्यापासून सुरू करायचा:
एक जानेवारी दोन हजार, रात्रीचे बारा.

म्हणून या डिस्कवर सगळं एकाच रात्री घडलंय.
आईचे केस काळे होते, पांढरे झाले,
मिंदियाचा दात पडला, मिशी फुटली, लग्न लागलं,
रिओनीला पूर आला नि ओसरला,
त्सियालाबाईंची कुत्री चारदा व्याली,
बारा ते बारा वाजून सहा मिनिटं, एवढ्यात.

एकेचाळीस हजार दोनशे फोटो.
निम्म्याहून जास्त पाण्याच्या मीटरचे.
बाबा कुताइसीच्या पाणीखात्यात. आकडे टिपत हिंडायचे
तळघरांत वाकून, जिन्यांखाली गुडघे टेकून.
वहीवर लोक विश्वास ठेवत नाहीत, म्हणायचे,
फोटोशी कोण भांडणार?
लोक फोटोशीही भांडायचे.

झाडावर पानं उरली नव्हती, नुसती पर्सिमनं लटकत होती
तेव्हा मी बसले आवरायला.
शेगडीपाशी, राजमा निवडावा तशी.
आई. मिंदिया. पूर. कुत्री.
कुणाचं तरी लग्न.
बाबांचा अंगठा: हा फोल्डर करावाच लागला,
भिंगावर आलेला, गुलाबी, तीनशे बारा वेळा.

तारखा लावल्या भिंतीवरून.
स्वयंपाकघरातली भेग दिव्याच्या बटणापर्यंत पोचली नसेल
तर मी शाळेत.
पोचली असेल तर आईचं दुखणं सुरू झालेलं.
भेग बुजवलेली, वर नवा चुना:
आई नाही.

सारखे फोटो हुडकणारं सॉफ्टवेअर
मिंदियानं बातुमीहून पाठवलं.
त्यानं आईचे दोन फोटो शेजारी मांडले:
अठ्ठ्याण्णव टक्के सारखे. एकच ठेवा.
एकात ती बोलायला तोंड उघडतेय.
दुसऱ्यात बोलून झालंय.
दोन टक्के.
मी दोन्ही ठेवले, आणि त्या रात्री पुढे काही आवरलं नाही.

मीटरांना मात्र दया दाखवली नाही.
एकवीस हजार, एका दमात.
तीस दिवस कचऱ्यात राहतील, मग कायमचे,
असं पडद्यानं विचारलं, मी हो म्हटलं.
केवढं हलकं वाटलं. चहा केला.

नवव्या दिवशी त्सियालाबाई आल्या, दारातूनच म्हणाल्या,
वर्षश्राद्ध तोंडावर आलंय,
दगडावर कोरायला बोंदोचा एखादा फोटो काढून ठेव,
नीट हसरा.

शोधला.
आईमध्ये नाही, लग्नात नाही, पुरात नाही.
सगळे त्यांच्याकडे बघतायत,
म्हणजे ते होतेच,
पण ओळखपत्रावरच्या पुसट चौकोनाखेरीज
माझ्या बापाचा चेहरा घरात कुठेच नव्हता.

मग कचरा उघडला.
कशाला, ते आता सांगता येणार नाही.
मीटरची काच. फ्लॅशचा पांढरा डाग.
डागाच्या कडेला टोपी,
टोपीखाली एक डोळा बारीक केलेला,
दुसरा कॅमेऱ्यामागे.
ओठ हलताना पकडले गेलेत,
आकडा स्वतःशी म्हणायची सवय होती त्यांना.
पुढचा फोटो, दुसरं तळघर: तोच डोळा.
पुढचा. पुढचा.
एका ठिकाणी चक्क दाढी वाढलेली,
ती आई दवाखान्यात होती तेव्हाची असणार.

एकवीस हजार वेळा माझा बाप
लोकांच्या पाण्यावर वाकून बघतोय.

कोरणारा म्हणाला, चेहरा जुळवून देतो,
दहा-बारा फोटोंतून अर्धा अर्धा घेऊन.
पण कपाळावर हे आकडे आलेत, ते पुसू ना?
विचार करून सांगते, म्हटलं.
अजून सांगितलेलं नाही.

मिंदियाचा फोन आला काल.
झालं का आवरून? किती जागा मोकळी झाली?
मागे त्याची मुलगी पियानोवर
एकच ओळ चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून.
झाली थोडी, म्हटलं.
कुत्रीचे बरेच काढले.

हे फोटो मी वेगळे ठेवलेत.
नाव दिलेलं नाही. तारखेचा रकाना उघडला होता,
बंद केला. असू दे
एक जानेवारी दोन हजार,
बारा वाजून गेलेत नुकतेच,
ते जिन्याखाली आहेत, अजून पुष्कळ घरं राहिलीत.